बाळंतिणीचे राहून गेलेले दुखणे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण. भगिनींच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मंडळात माझे काम म्हणजे चहाचे पातेले, सतरंज्या आणि हळदीकुंकवाला वाणांची मोजदाद. तेव्हा बोलण्यात काही चुकले-माकले तर पदरात घ्या.

मी हा विषय कार्यकारिणीत सांगितला तेव्हा प्रथम कोणी बोलेचना. मग एक बाई म्हणाल्या, "अहो, वर्धापनदिनाला असला विषय? त्यापेक्षा तुमचे माइनमुळ्याचे लोणचे सांगा की." दुसरीने विचारले, "पुरुषमंडळी बसलेली असतील, त्यांचे काय?" शेवटी अध्यक्षाबाईंनी असे ठरवले की, या अर्ध्या तासात पुरुषांनी बाहेर फराळाची व्यवस्था पाहावी. पोह्यांचा वास येतो आहे, म्हणजे व्यवस्था नीट चालली आहे असे दिसते. पुढे हे भाषण स्मरणिकेत छापले गेले तर तेही वाचतील. वाचू देत. त्यांच्याही आया आणि बायका बाळंत झालेल्या आहेत.

विषय असा. खोकला आला, शिंक आली, हसू आवरेना, पाण्याचा हंडा उचलला, की लघवीचा थेंब जातो. लुगडे भिजते, किंवा भिजेल म्हणून जीव धास्तावतो. कुणाला ओटीपोटात जड वाटते, खाली काहीतरी उतरल्यासारखे होते. याला आपण 'अंग बाहेर येणे' म्हणतो, आणि तेही कुजबुजत. बाळंतपणाने आलेले हे दुखणे आपण बाळंतपणाबरोबर मिटले असे समजतो. ते मिटत नाही, नुसते झाकले जाते.

आता आपबीती सांगते. माझी लेक २००३ सालची, मुलगा २००७ सालचा. मुलगा अंगाने भरलेला होता आणि कळा फार वेळ चालल्या. घरी आल्यावर माझे कौतुक काही कमी झाले नाही. सासूबाईंनी शेक-शेगडी केली, मालिशवाली बाई सव्वा महिना आली, अळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले, पोट घट्ट बांधले. कंबर, पाठ, दूध, बाळाचे डोके, सगळ्यांची चौकशी झाली. एका गोष्टीची झाली नाही, आणि ती मीही सांगितली नाही. पंधराव्या दिवशी शिंक आली आणि परकर भिजला. मी तो गुपचूप धुतला आणि बाळाच्या दुपट्यांबरोबर वाळत घातला. दुपट्यांत परकर कोणाच्या लक्षात येतो?

पुढे बारा वर्षे मी हेच केले. दादरला जायचे तर वाटेत कुठल्या स्टेशनात सोय आहे याचा आधी हिशेब. लग्नकार्यात कडेची खुर्ची. पाणी कमी पिऊ लागले, म्हणजे लघवी कमी होईल असे वाटले. झाले उलटेच. लघवी गडद होऊन जळजळ होऊ लागली आणि घाई वाढली. मंगळागौरीच्या खेळांना तुम्ही मला हात धरून ओढत होता आणि मी "गुडघे धरलेत हो" म्हणून चहाच्या पातेल्याजवळ पळत होते. आज सांगते, माझे गुडघे चांगले ठणठणीत आहेत.

मधे एकदा धीर करून एका दवाखान्यात सांगितले. कागदावरून मान वर न करता उत्तर मिळाले, "दोन मुले झाल्यावर एवढे चालायचेच." मी घरी आले आणि मनाशी म्हटले, चालायचेच.

माझे मन बदलले ते आईमुळे. माझे माहेर राजापूर तालुक्यातले. आमच्या घरापासून विहीर खाली, घाटी उतरून. आईने पाच बाळंतपणे काढली, आणि प्रत्येक वेळी महिन्याच्या आत कळशी डोक्यावर घेतली. ती गेली, त्यानंतर मी आणि बहीण तिची ट्रंक आवरायला बसलो. वर दोन चांगली लुगडी, खाली आमच्या लहानपणीची टोपडी, आणि तळाशी जुन्या लुगड्याच्या घड्या घालून हाताने शिवलेल्या पट्ट्या. धुवट, स्वच्छ, दोऱ्याने बांधलेल्या. तेव्हा तिची पाळी जाऊन वीस वर्षे झाली होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि काही बोललो नाही. आई भजनाला कधी पुढे का बसत नसे, एस.टी.च्या प्रवासाला का घाबरत असे, उभी असताना मधेच ओट्याला टेकून का राही, हे सगळे मला त्या ट्रंकेपाशी कळले. आणि असेही कळले की मी तिच्याच वाटेने निघाले आहे, आणि माझ्या मागून माझी लेक येणार आहे.

मुंबईला परत आल्यावर मी पालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढला. स्त्रीरोग विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासले, लघवीची चाचणी केली, आणि फिजिओथेरपी विभागात जा म्हणाल्या. मला नवल वाटले. तिथे हातपाय मोडलेली, लकवा गेलेली माणसे जातात एवढेच मला ठाऊक. तिथली मुलगी माझ्या लेकीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने पडदा ओढला, माझी परवानगी विचारली, तपासले आणि म्हणाली, "काकू, आता आत ओढून घ्या बघू." मी जोर लावला. ती हसली नाही, पण म्हणाली, "तुम्ही वर ओढत नाही आहात, खाली ढकलता आहात." मैत्रिणींनो, बायकांच्या सांगण्यावरून मी घरी हा व्यायाम सहा महिने करीत होते, आणि सहाही महिने उलटा!

तिने जे समजावले ते माझ्या शब्दांत सांगते. आपली जुनी नवारीची बाज डोळ्यांपुढे आणा. चौकट हाडांची असते, पण भार पेलते ती नवार. आपल्या ओटीपोटाच्या तळाशी अशीच स्नायूंची नवार आहे. पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत ती ताणलेली असते. लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी आणि शौचाचा मार्ग हे तिघे तिच्यावर टेकलेले असतात. लघवी आणि वारा धरून ठेवण्याचे कामही तिचेच. नऊ महिने बाळाचा, पाण्याचा, वारेचा भार तिच्यावर पडतो. त्यात गरोदरपणी अंगातले रस बदलून सांधे नि पेशी सैल पडतात. बाळंत होताना तर ती नवार कितीतरी पट ताणली जाते, कधी फाटतेही. सिझेरियन झाले म्हणजे सुटलो असे नाही. ताण कमी पडतो हे खरे, पण नऊ महिन्यांचा भार कुणालाच चुकत नाही.

आता नवार सैल पडली तर आपण बाज मोडीत घालतो का? ताणून घेतो. या व्यायामाचे तत्त्व तेच.

हे शास्त्र आजचे नाही. अमेरिकेतले डॉ. आर्नल्ड केगल यांनी १९४८ साली बाळंतपणानंतरच्या या दुबळेपणावर स्नायूंच्या व्यायामाची पद्धत मांडली. म्हणून याला आजही 'केगलचे व्यायाम' म्हणतात. आपल्या योगातला मूलबंध आणि अश्विनी मुद्रा याच जातीच्या. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच फिजिओथेरपीची शाळा निघाली. तेव्हा पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांची मोठी निकड होती. आज त्या विद्येची माणसे आपल्या मोठ्या रुग्णालयांत आहेत, पण बाळंतीण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. फ्रान्स देशात बाळंतपणानंतर या व्यायामाच्या बैठका सरकारी विम्यातून मिळतात. आपल्याकडे तेलमालिशीला जो मान, तो तिथे याला आहे.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत तर आपली मुंबई मागे नव्हतीच. मूळचे गोव्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गर्भपात टाळण्याच्या टाक्यामुळे जगभर ओळखले गेले. त्यांनी तरुण बायकांचे उतरलेले अंग पिशवी न काढता वर बांधून घेण्याची शस्त्रक्रियाही बसवली. मुंबईच्याच पुरंदरे डॉक्टरांच्या नावाचीही अशीच एक शस्त्रक्रिया आहे. म्हणजे पिशवी वाचवण्याची विद्या इथलीच. आणि तरीही आपल्याकडे काय होते ते पाहा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांची कारणे निरनिराळी होती, गरिबी आणि रोजगार बुडण्याची भीती त्यात आलीच. पण 'पिशवी काढली की कटकट गेली' हा समज आपल्यातही आहे, म्हणून सांगते. काही आजारांत पिशवी काढावीच लागते, तिथे डॉक्टरांचे ऐकावे. पण नुसती पिशवी काढल्याने तळाची नवार घट्ट होत नाही. नवार सैल म्हणून गादी फेकून देण्यासारखे ते आहे.

आता प्रत्यक्ष व्यायाम. ज्यांच्याजवळ पेन्सिल आहे त्यांनी लिहून घ्यावे.

आधी लघवीला जाऊन यावे. उताणे निजावे, गुडघे वाकवावे, पाय जमिनीला टेकलेले. आता चारचौघींत वारा सरत असता आपण जसा दाबून धरतो, तसे मागून आवळावे, आणि तसेच पुढे लघवी रोखल्यासारखे करावे. दोन्ही मिळून आत आणि वर ओढून घ्यावे. श्वास कोंडू नये. मोठ्याने आकडे मोजावे, म्हणजे तो कोंडला जात नाही. कुल्ले, मांड्या आणि पोट आवळू नये. कोणी समोर बसले असेल तर त्याला आपण काही करतो आहोत हे कळता कामा नये, ही खूण.

पाचपर्यंत मोजून धरावे. जमत नसेल तर तीनच मोजावे. मग पूर्ण सैल सोडावे आणि तितकाच वेळ थांबावे. सोडणे हेही आवळण्याइतकेच महत्त्वाचे आहे. असे आठ ते दहा वेळा. त्यानंतर चटकन आवळून चटकन सोडणे, असे दहा वेळा. हे सगळे दिवसातून तीनदा. हळूहळू धरण्याचा वेळ दहा आकड्यांपर्यंत न्यावा. निजून जमू लागले की बसून करावे, मग उभ्याने. मी सकाळी दुधाला उकळी येईपर्यंत, दुपारी तांदूळ निवडताना आणि रात्री अंथरुणावर करते. निदान तीन महिने नेमाने करावे लागते. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडणारी बाई लोणचे मुरायच्या आत बरणी उघडणारी समजावी.

शिंक किंवा खोकला येतो आहे असे वाटले, किंवा हंडा उचलायचा असला, की आधी आवळून घ्यावे आणि मग शिंकावे, मग उचलावे. ही छोटीशी युक्ती फार कामाची आहे.

एक करू नये. लघवी करता करता मधेच थांबवण्याचा रोज सराव करू नये. त्याने पिशवी नीट रिकामी होत नाही.

गरोदर मुलींनी हा व्यायाम आतापासूनच सुरू करावा. सातव्या-आठव्या महिन्यातले आणि बाळंतपणानंतरचे लघवी गळणे त्याने पुष्कळ जणींचे टळते. आपल्या डॉक्टरांना मात्र आधी विचारावे. बाळंतपणानंतर लघवी नीट होऊ लागली, नळी घातलेली असल्यास ती निघाली, की थोड्याच दिवसांत हलक्या हाताने सुरू करता येते. टाके असतील, जास्त फाटले असेल, तर विचारून. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. कुंथण्याने जितका भार तळावर पडतो तितका दुसऱ्या कशाने क्वचितच पडत असेल. पाणी, पालेभाजी, फळ पोटात जावे. कमोड असेल तर पायांखाली पाट घ्यावा. जुना खोकला अंगावर काढू नये. आणि सव्वा महिना बाळंतिणीला हंडा, गादी, गॅसचे सिलिंडर उचलू देऊ नये. आमच्या गल्लीत पाणी आले की सूनबाई पहिली धावते. या दिवसांत मुलाला धावू द्या.

आता सावधगिरीच्या गोष्टी. सगळ्याच जणींची नवार सैल नसते. काही जणींची फार आवळलेली असते. त्यांना दुखते, नवऱ्याजवळ जाताना त्रास होतो, लघवी सुटायला वेळ लागतो. अशा बाईने आवळण्याचा व्यायाम केला तर दुखणे वाढते. तिला सैल सोडण्याचा व्यायाम हवा. म्हणून एकदा तरी तपासून घेऊन शिकावे. माझ्यासारखे सहा महिने उलटे करू नये. गरोदरपणी खाली पाणी गेले आणि ते लघवीसारखे वाटले नाही, किंवा रक्त दिसले, तर व्यायाम करीत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. ते गर्भजल असू शकते. सतत लघवी गळत राहणे, लघवी अडणे, ताप, जळजळ, लघवीत रक्त, शौचावर ताबा न राहणे, किंवा अंग बाहेर दिसणे, यांपैकी काहीही असले तर डॉक्टर आधी. अंग फार उतरले असेल तर नुसत्या व्यायामाने ते जागेवर जात नाही. त्यासाठी आत बसवण्याची रिंग असते, शस्त्रक्रिया असते. त्यातही लाज नाही.

लाजेवरून एक खरी हकीकत सांगते. गडचिरोलीला डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, आणि तो अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ब्याण्णव जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी नि उपचार झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. ते जंगलातले जिल्हे, असे म्हणून आपण सुटू नये. आपल्या गोराईत एका बाजूला रिक्षा आहे, बस आहे, बोरिवली स्टेशन आहे, आणि तरी मला रुग्णालयाच्या पायरीपर्यंत पोचायला बारा वर्षे लागली. पलीकडच्या गावातून बोटीने खाडी ओलांडून येणाऱ्या बहिणींची तर त्याहून अडचण. डोक्यावर मासळीची जड पाटी घेऊन त्या बोटीतून उतरतात तेव्हा मला आता त्यांचे पाय दिसत नाहीत, आईची कळशी दिसते.

माझे पुढे काय झाले ते सांगून संपवते. दीड महिन्याने फरक जाणवला. तीन-चार महिन्यांत शिंकेची भीती गेली. सगळे गेले असे म्हणणार नाही. फार मोठा खोकला आला तर अजून एखादा थेंब जातो, आणि आठवडाभर आळस केला तर शरीर लगेच आठवण देते. पण पाणी पोटभर पिते, दादरला जाते, आणि स्टेशनांचा हिशेब विसरले आहे.

माझी लेक आता सहाव्या महिन्यात आहे. पुढच्या महिन्यात तिचे डोहाळजेवण आहे. ओटी भरू, हिरवी साडी नेसवू, झोपाळा सजवू. पण त्याआधी मी तिला जवळ बसवून हे सगळे सांगितले. प्रथम ती "आई, काय हे!" म्हणून तोंड फिरवून बसली. मग थोड्या वेळाने हळूच विचारले, "तुला किती वर्षे होत होते गं?" मी खरे तेच सांगितले. ती रडली. मला वाटते, मी माझ्या आईला हा प्रश्न विचारला असता तर ती रडली असती आणि तिला बरेही वाटले असते.

मंडळाला माझी एवढीच विनंती आहे. आपण दरवर्षी गरोदर मुलींची ओटी भरतो. यापुढे त्या दिवशी फिजिओथेरपीच्या एखाद्या ताईंना बोलावून अर्धा तास द्यावा. सासूबाईंनी सुनेला सव्वा महिन्यात एकदा तरी विचारावे, "शिंक आली की थेंब जातो का गं?" एवढा एक प्रश्न. आणि तो विचारताना दार लोटून घेतले तरी चालेल, पण विचारावा.

यंदाच्या मंगळागौरीला मी फुगडी घालणार आहे. चहाच्या पातेल्याजवळ दुसरी कोणी उभी करा.

आता बाहेरच्या मंडळींना आत बोलवा, पोहे गार होतील.